दारजींच्या पंपावर मी लावलेला कागद

चंदीगडला हजर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीतलं पाणी तपासायच्या पेस्टनं दात घासले. हसा, हसा, आमच्या घरी सगळे हसतात, लग्नाकार्यात मला मुद्दाम सांगायला लावतात. आमच्या तेलाच्या धंद्यात ती एक पेस्ट असते बघा, ट्यूब अगदी टूथपेस्टसारखी, गजाच्या टोकाला लावायची आणि गज पंपाच्या जमिनीतल्या टाकीत सोडायचा, तळाला पाणी साचलेलं असलं तर पेस्ट लाल होते. आणि तोंडात काय, पाणीच पाणी. गेस्ट हाऊसच्या आरशात बघतो तर दात, हिरड्या, ओठ सगळं लालभडक. दहा चुळा भरल्या, कोळशानं घासलं, जाईना. तसाच गेलो पहिल्या तपासणीला, मनीमाजऱ्याच्या बाहेर कालक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पंप होता, त्याचे मालक सरदारजी, साठीच्या पुढचे, त्यांना सगळा रस्ता दारजी म्हणायचा. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, साहब, पान छोड़ दो, इधर अच्छा मिलता नहीं. मी म्हटलं, हो जी, सोडतो. पान मी आयुष्यात खाल्लं नाही, पण चूक झाली असं सांगण्यापेक्षा पानाचं व्यसन पत्करलं. असा मी.

मूळचा मी तासगावचा. वडिलांचं रॉकेलचं दुकान, म्हणजे दुकान कसलं, एक टाकी, एक नरसाळं आणि तीन मापं. शाळेतून आलो की मापं धुवायचं काम माझं, त्यामुळं वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. पुढं शिकलो, सरकारी तेल कंपनीत लागलो, तर वडील गावभर सांगत सुटले की पोरगा आता रॉकेलच्या मुळापाशी गेला. मुळापाशी कसला, मी विक्री अधिकारी, पंपांवर जायचं, गज टाकायचा, किती सेंटिमीटर भिजला ते बघायचं आणि तक्त्यावरून लिटर काढायचे. मिरज झालं, सोलापूर झालं आणि एक दिवस बदलीचा कागद आला, चंदीगड. पंजाबात त्या वेळी काय चाललं होतं तुम्हाला माहीत आहे. रोज पेपरात मारलेल्यांचे आकडे. सासऱ्यांनी तर हिला माहेरी ठेवून घ्यायची तयारी केली होती. पण ही म्हणाली, तिथं काय माणसं राहत नाहीत का, आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आमची ही अशी, कमी बोलते.

मनीमाजऱ्यात भाडं कमी म्हणून आम्ही तिथं वरचा मजला घेतला. दारजींचं घर दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या बायकोला सगळे बीजी म्हणायचे. आता बघा, बीजींना पंजाबीशिवाय काही येत नव्हतं आणि हिचं हिंदी म्हणजे, मेरेकू नको होना, एवढंच. पण दुपार झाली की दोघी बीजींच्या अंगणात खाटेवर बसून वाटाणे सोलायच्या, नाहीतर लोकर गुंडाळायच्या, आणि बोलायच्या काय, तास तास बोलायच्या. मी एकदा विचारलं, तुला कळतं काय त्यांचं. तर म्हणाली, सगळं कळतं, त्यांच्या सुनेचं आणि माझ्या सासूचं सारखंच आहे. आमची मुलगी तर बीजींकडेच वाढली म्हणा ना, मराठीत विचारलं की पंजाबीत उत्तर द्यायची.

दिवस कसे होते काय सांगू तुम्हाला. अंधार पडायच्या आत पंप बंद, स्कूटरवर मागं माणूस बसवायला कधी बंदी, कधी नाही, नाक्यानाक्यावर पोलीस डिकी उघडायला लावायचे. माझ्या डिकीत पितळी गज आणि ती पेस्ट, प्रत्येक नाक्यावर तेच व्याख्यान द्यावं लागायचं. गावागावातून अतिरेक्यांची पत्रकं चिकटवलेली असायची, अमुक करा, तमुक करू नका, दारू विकू नका, काळाबाजार करू नका, करणाऱ्याला शिक्षा. आणि शिक्षा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. अंगणात चिठ्ठी येऊन पडायची, कोण टाकतं कुणी बघितलेलं नसायचं.

अशात इराकनं कुवेत घेतलं, ते साल. आता तेलाच्या भावाचं मी तुम्हाला नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं भाव म्हणजे आमच्या कंपनीच्या मनाची गोष्ट. त्या काळी तसं नव्हतं हो. परदेशातून कच्चं तेल यायचं, त्याचे डॉलर मोजायचे, ते रिफायनरीत जायचं, आणि रिफायनरीला नफा किती तर सरकारनं आधीच ठरवलेला, खर्च अधिक गुंतवलेल्या पैशावर इतके टक्के, बास. तेल महाग येवो, स्वस्त येवो, रिफायनरीचा वाटा ठरलेला. पंपावरचा भाव दिल्ली ठरवणार. मधला जो फरक, तो एका मोठ्या सामायिक खात्यात, पेट्रोलवाल्याकडून जास्त घ्यायचं आणि रॉकेल-डिझेलवाल्याला स्वस्त द्यायचं. म्हणजे कच्चं तेल दुप्पट झालं तरी पंपावर महिनोन् महिने कळायचं नाही आणि मग एका संध्याकाळी रेडिओवर एकदम कळायचं. आता म्हणे ते सगळं मोडीत निघालं, आता रिफायनरीचा नफा म्हणजे कच्च्या तेलाचा भाव आणि तयार डिझेल-पेट्रोलचा भाव यातली फट, ती जगाच्या बाजारात रोज रुंद-अरुंद होते. माझा पुतण्या तसले शेअर घेतो, मला फोन करून विचारतो काका फट वाढेल का. मी म्हणतो बाबा, मला एका पंपातलं तेल धड मोजता आलं नाही, तू मला जगाचं विचारतोस.

तर कुवेतनंतर कच्चं तेल दुपटीच्या वर गेलं आणि पेपरात रोज, भाव वाढणार, भाव वाढणार. भाव वाढणार ही बातमी आली की निम्मं तेल बाजारातून नाहीसंच होतं. विकणारा हात आखडतो, घेणारा दोन कॅन जास्त भरतो. ज्याच्या टाकीत त्या संध्याकाळी माल असेल त्याला दुसऱ्या दिवशी न हलता फायदा. म्हणून आम्हाला वरून हुकूम, पंप तपासा, कुणी साठा दाबत असेल तर जागच्या जागी बंद करा. दसरा होऊन गेला होता, शेतांत भात काढायला आलेला, त्यामागून गव्हाची पेरणी, सगळ्यांना डिझेल आत्ता हवं.

सोमवारी दुपारी मी दारजींच्या पंपावर पोचलो. दोरीला पाटी लटकवलेली, डीजल खत्म है. रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टरची ही रांग. मी आधी काय केलं असेल तर त्या शेतकऱ्यांना भाषण दिलं. कच्चं तेल, डॉलर, रिफायनरी, सामायिक खातं. मला फार आवडायचं ते सांगायला. एक म्हातारा ट्रॅक्टरवरून ऐकत होता, शेवटी म्हणाला, साहब, रेट जो मर्ज़ी कर ले, तेल दे. लोक हसले. ते हसणं मला लागलं, खरं सांगतो. त्या तोऱ्यातच मी गज काढला.

टाकी खरंच कोरडी होती. आता इथं बघा माझी हुशारी. आदल्या शनिवारी मीच तिथं गज टाकला होता, किती सेंटिमीटर भिजला ते माझ्या डायरीत होतं. तक्त्यावरून त्याचे लिटर काढले, त्यातून शनिवारपासून मीटरवर झालेली विक्री वजा केली. मध्ये टँकर आलेला नव्हता. चार हजार लिटर डिझेलचा पत्ता नाही. म्हणजे, माझ्या मते, दारजींनी पिंपं भरून दुसरीकडे लपवलं, भाव वाढला की काढणार.

दारजी म्हणाले, साहब, शनिवार को इतना था ही नहीं. आपका नया चार्ट ज़्यादा बोलता है. मैं तीस साल से ये टंकी देख रहा हूँ. मी म्हटलं, चार्ट कंपनीचा आहे, चार्ट खोटं बोलत नाही. मग मी त्यांच्या मागच्या गोठ्यात गेलो. रांगेतले दहा-पंधरा जण माझ्या मागं. तिथं दोन पिंपं. मी म्हटलं सापडलं. झाकण उघडून गज आत घातला, तर ती जनावरांना घालायची उसाची मळी. पितळी गजाला चिकट काळी मळी ओघळतेय आणि म्हशी माझ्याकडे बघतायत. माणसानं तिथं तरी थांबावं. मी थांबलो नाही. उलट मला वाटलं, मळी दाखवायला ठेवलीय, डिझेल आणखी कुठंतरी असणार.

पंपाला सील ठोकलं आणि कागद काढला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, साठेबाजी के कारण बिक्री बंद, खाली सही, शिक्का. डिंकाची बाटली मागितली. दारजी जवळ आले, आवाज खाली घेतला, म्हणाले, साहब, सील लगाओ, लाइसेंस ले जाओ, पर ये काग़ज़ दीवार पे मत लगाओ, जेब में रखो. यहाँ कौन पढ़ता है, आपको नहीं पता.

मला पता होतं. पत्रकं मीही वाचत होतो की. पण पंधरा माणसं बघत होती आणि म्हशींसमोर माझी झाली होती फजिती. मी म्हटलं, दारजी, नियम आहे. नियम नव्हता. सील ठोकायचा नियम होता, कागद कार्यालयात द्यायचा असतो. भिंतीवर लावायचा हे माझं मीच काढलं होतं. डिंक त्यांनीच आणून दिला.

संध्याकाळी रेडिओवर भाव वाढल्याचं आलं. मी घरी हिला सगळं रंगवून सांगितलं. ही भाजी चिरत होती, एवढंच म्हणाली, दारजी असं करतील? मी म्हटलं, धंद्यात ओळख बघायची नसते. दुसऱ्या दिवशी विभागीय साहेबांचा फोन आला, शाबास म्हणाले, बाकीच्यांनी तुझ्यासारखं काम करावं. आणि मी आपला पुढचे दिवस पंपासमोरून न जाता लांबच्या रस्त्यानं कार्यालयात जायला लागलो. का, असं कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, इकडचा रस्ता खराब आहे.

गुरुवारी दारजींच्या अंगणात चिठ्ठी पडली. साठेबाजाला काय शिक्षा मिळते ते लिहिलेलं. हे आम्हाला शुक्रवारी कळलं. ही दुपारी बीजींकडे गेली तर दाराला कुलूप, म्हशी शेजाऱ्यांच्या दारात बांधलेल्या. शेजारीण म्हणाली, सकाळच्या बसनं गेले कर्नालच्या बाजूला, बहिणीकडे, कधी येतील सांगता येत नाही. चिठ्ठी तिनं स्वतः बघितली होती.

आणि त्याच शुक्रवारी मला माझी चूक कळली. अहवालाला जोडायला मी त्या पंपाची जुनी फाईल काढली. त्या पंपाला दोन टाक्या, पेट्रोलची मोठी, डिझेलची लहान. प्रत्येक टाकीचा तक्ता वेगळा. जुने तक्ते तेलकट होऊन वाचता येत नव्हते म्हणून मी दसऱ्याआधी नवे टाईप करून घेतले होते, आणि वरची नावं टाकताना अदलाबदल केली होती. मोठ्या टाकीचा तक्ता डिझेलच्या नावावर. म्हणजे शनिवारी जे डिझेल मी लिहिलं ते टाकीत कधी नव्हतंच. बरोबर तक्त्यानं मोजलं तर शनिवारचं डिझेल आणि मीटरवरची विक्री, दोन्ही जुळत होतं. दारजींनी थेंबन् थेंब रांगेतल्या लोकांना विकला होता. मी स्वतःला समजावलं की मला कळलं तोवर चिठ्ठी येऊन गेली होती, आता माझ्या हातात काय होतं.

संध्याकाळी ही बीजींचं सांगत होती, गॅसपाशी उभी राहून, आणि मी तिला सांगितलं. सगळं, तक्त्याचं, नियम नव्हता तेही. ही रागावेल असं वाटलं होतं. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, लोकांसमोर लावलात ना, लोकांसमोर काढा. उद्याच. दिवसा.

मी म्हटलं कार्यालयाला आधी कळवतो, रीतसर होऊ दे. ती म्हणाली, रीतसर होईपर्यंत चिठ्ठी टाकणारे कर्नालला पोचतील.

शनिवारी सकाळी आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथले ग्रंथी, म्हणजे ग्रंथसाहिब वाचणारे बाबा, त्यांना म्हटलं मला गुरुमुखीत एक कागद लिहून द्या. काय लिहायचं ते सांगितलं, टाकी रिकामी होती, दारजींनी काही लपवलं नाही, चूक तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, आणि खाली माझं नाव. ग्रंथींनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, नाम भी लिखूँ? मी म्हटलं लिहा. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. बाहेरचा माणूस, भिंतीवर आपलं नाव, त्या दिवसांत.

पंपावर डिझेल नव्हतं तरी शेतकरी यायचेच, आज टँकर येईल म्हणून. त्यांच्यासमोर मी सील काढलं आणि माझा सोमवारचा कागद खरवडायला घेतला. डिंक पक्का. ब्लेडनं, नखांनी, बादलीभर पाण्यानं, अर्धा तास. ही मुलीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी. मग नवा कागद लावला आणि माझ्या हिंदीत मोठ्यानं सांगितलं की गलती मेरी थी, दारजी सच बोल रहे थे. तोच म्हातारा होता ट्रॅक्टरवर. त्यानं कागद सावकाश वाचला आणि म्हणाला, साहब, ये बात गाँव-गाँव बोलनी पड़ेगी. मग तो स्वतः बोलला, त्याच्या बाजूच्या गावांत. मी स्कूटरवरून चार गुरुद्वाऱ्यांत गेलो, तिथं ग्रंथींना सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब तपासणी.

विभागीय साहेब चिडले. म्हणाले, गुपचूप सील काढलं असतंस, भिंतीवर कंपनीची अब्रू कशाला टांगलीस. मला पंपांवरून काढून फाईलींच्या टेबलावर बसवलं. योग्यच केलं, फाईलीत कुणाच्या जिवाला धोका नसतो, निदान मला तरी तसं वाटतं.

दारजी तीन आठवड्यांनी परत आले. काही झालं नाही त्यांना, वाहेगुरूची कृपा म्हणायचे ते, मी काय म्हणू. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते पंपावर खुर्ची टाकून बसलेले. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, साहब, टंकी का ढक्कन खुला है, मिट्टी जाती है. मी उठून झाकण लावलं. चहा आला. ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. बीजी मात्र हिच्याशी पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. ही गेली की सत् श्री अकाल म्हणायच्या, मुलीच्या हातावर गूळ ठेवायच्या आणि आत जायच्या. ही महिनाभर दुपारी जात राहिली, मग जायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. आता दारजी नाहीत, पंप त्यांचा मुलगा बघतो म्हणे. देव त्या घराला सुखी ठेवो, आणखी काय म्हणणार मी.

एवढंच सांगायचं होतं, काल तुम्ही लिहून घेऊन गेलात. पण आज तुम्हाला परत बोलावलं ते एका दुरुस्तीसाठी. ही काल आतून सगळं ऐकत होती. तुम्ही गेल्यावर बाहेर आली, कप उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. म्हटलं काय झालं. आणि तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहा, माझं वरचं खोडू नका, ते तसंच राहू दे, त्याखाली हे लिहा. ती म्हणाली, अहो, शुक्रवारी नाही, तुम्हाला मंगळवारी कळलं होतं. मंगळवारी तुम्ही ती फाईल घरी आणलीत आणि जेवला नाहीत, पोट दुखतंय म्हणालात, मी ओवा दिला. चिठ्ठी गुरुवारी पडली.